उलटा काटा

मंगळवार, १२ मार्च

ताई,

मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, अंघोळही करतो. म्हणजे तुझे पहिले तीन प्रश्न मिटले. इथे एका छापखान्यात गठ्ठे बांधायचं काम मिळालंय. मालक म्हणाला, "तुझ्या पायाला भिंगरी आहे, टिकशील किती दिवस?" म्हटलं, सुतळी संपेपर्यंत.

परवा सुट्टी होती. चप्पल शिवून आणायला निघालो आणि भलत्याच गल्लीत शिरलो. एवढी शांत वस्ती, की माझी तुटकी चप्पलच काय ती वाजत होती. टोकाला विटांच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी, शंभर वर्षांपूर्वीची. आता नुसती बघायला उघडी ठेवतात. चप्पल राहिली बाजूला, मी आत.

दाखवणारे काका पूर्वी तिथेच पंप चालवायचे. भिंतीवरच्या पट्टीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "काटा वर आहे. टाकी भरलेली की रिकामी?"

सगळे म्हणाले, भरलेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "रिकामी. आतला तरंगता डबा साखळीने काट्याला बांधलेला असतो. पाणी चढलं की डबा वर, काटा खाली."

काका खूश. "घरात कुणी या कामातलं?"

"वडील होते."

मग मी वर चढलोच नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. छापखान्यात रद्दी कागद फुकट मिळतो, म्हणून हे पत्र. नाही, म्हणून नाही. सांगतो.

तुझं शिलाईचं दुकान बुडालं त्या दुपारी बाबांचा डोळा लागला नव्हता. ते आपल्या गावच्या टाकीवर नव्हतेच. मी होतो. निघताना त्यांनी दोनदा बजावलं होतं, "काटा उलटा चालतो, खाली आला की पंप बंद कर." मी हो हो केलं. लक्ष कुठे होतं, देव जाणे. काटा खाली खाली यायला लागला तसं मला वाटलं, पाणी संपतंय. पंप चालूच ठेवला. वरून पाणी कोसळायला लागलं तरी मला वाटलं, कुठेतरी नळ फुटला.

उतारावर पहिलं दुकान तुझं. लोकांनी आधीच शिवायला आणून दिलेले कपडे, एकाचा रंग दुसऱ्याला.

बाबा धावत आले. बघितलं आणि म्हणाले, "तू इथे नव्हतास. मला झोप लागली." मी रडायला लागलो तर म्हणाले, "तिला माझ्यावर रागावू दे. मी म्हातारा कुठे जातोय? तुझ्यावर रागावली तर तू घर सोडशील."

त्यांची नोकरी गेली. तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. आणि मी घर सोडलंच. चार वर्षं झाली.

ते खरं कुठे गेले होते, हे तुला कळायला मार्गच नव्हता. रंगाऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानाचा पहिला दिवस, म्हणून पाटी आणायला. धावत आले तेव्हा ती काखेत होती. अजून त्यांच्या खाटेखाली आहे, कागदात गुंडाळलेली. जाऊन बघ. मी सगळं कबूल केलंय हे त्यांना आधी सांग, म्हणजे त्यांना पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही.

मला काय सुनवायचं ते छापखान्याच्या पत्त्यावर लिही. शिव्या असल्या तरी चालतील. सुतळी संपली तरी उत्तर येईपर्यंत इथून हलणार नाही.

त्या दुपारी टाकीवर असलेला,
तुझा धाकटा