एरियलखालचं रबर

२० मे १९८३, भिलाई
खरखर, खरखर! गाडी उभी असली की रेडिओवर रायपूर स्टेशन कसं स्वच्छ लागते. ह्यांनी एक्सलेटर दाबला की गाणं गायब!

अक्षय तृतीयेले मामाजींनी नवी फियाट घेतली. दसऱ्याच्या पूजेआधी नव्या गाडीले ओरखडा पडू देत नाहीत म्हणे आपल्यात. म्हणून एरियलच्या क्लँपखाली रबर घातलं. एरियलचा क्लँप गाडीच्या लोखंडाले टेकतच नाही, तर काय डोंबल वाजणार? इंजिनची खरखर तेवढी ओढून आणते. मी सांगितलं. मामाजी म्हणाले, "सूनबाई, तू पोळ्यांकडे लक्ष दे." फिजिक्समधे फर्स्ट क्लास आहे माझा!

२३ मे
नागपूरहून जोशी मॅडमचा निरोप! माझ्याच कॉलेजात, प्रयोगशाळेत जागा. सहा जूनले हजर व्हायचं. आईकडे राहीन, शनिवारी घरी येत जाईन. हे म्हणाले, "बाबांले विचारतो."
विचारूनच राहिले हे, लग्न झाल्यापासून.

२५ मे
मामाजी नाही म्हणाले. "घरात काय कमी आहे तुले?"
जीव गुदमरते माझा इथे.

२८ मे
दुपारी सारे घोरून राहिले होते. रबर काढलं, खालचा रंग पॉलिश पेपरनं घासला, नखाएवढाच. क्लँप घट्ट कसला. संध्याकाळी दुर्गपर्यंत एकही खरखर नाही! मामाजी खूश. "विजय, तूच केलं न?"
अन् हे नुसते हसले. अरे मेल्या, बोल ना!

१ जून
मामाजींले घासलेली जागा दिसली. अख्खं नेहरू नगर गोळा होईल असे ओरडले. "कोणं केलं हे?" ह्यांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. लगेच! शाबासकीले हे, बोलणी खायले मी.

गंज चढू नये म्हणून मामाजींनी माझीच नेलपॉलिश मागितली अन् तिथे फासली. वरून पुन्हा रबर. कॉलेजचं नाव काढलं तर म्हणाले, "आता तर बिलकुल नाही."

४ जून
नणंदेच्या लग्नाले नागपूरले आलो. भिलाईपासून खरखर. बंदही कोणी करत नाही! मी कानावर हात ठेवले, तर सासूबाई माझ्या मांडीवर थापटून म्हणाल्या, "सवय होते बाई. मले नाही झाली?"
रडूच आलं मले. सासूबाई काही वाईट नाहीत.

६ जून, नागपूर
फियाट सकाळी भिलाईले गेली. हे हॉर्न वाजवत होते. मी बसली नाही.