अविनाशचं मायलेज

८ जाने.
परत तेच. सकाळी गाडी सुरू करताच थरथरली, पिवळा दिवा लागला. अविनाश बाहेर येऊन म्हणाला, "काल तूच चालवलीस ना?" भाजीबाजारापर्यंत नेली होती. तेवढ्यात इंजिनाची वाट लावली म्हणे. अ‍ॅक्सिलरेटरवर माझा पाय जड आहे, हे लग्नापासून ऐकतेय.

१० जाने.
पिंपळगावच्या पॅकहाउसमधून फोन. द्राक्षांच्या तपासणीचं काम, माझ्याच शिक्षणातलं. केव्हाची वाट बघत होते. पण पहाटे हजर व्हायचं, त्या वेळेला बस नाही, गाडी लागेल. अ. म्हणाला, "हायवेवर तू? इंजिन जाईल." नोकरीबद्दल अवाक्षर नाही. पोळ्या करपल्या.

११ जाने.
एक लिटर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. पाहुण्यांना हे तोंडपाठ म्हणून दाखवतो. आणि चालवतो कशी? चाळीसलाच पाचवा गिअर. चढावर गाडी कण्हते, तरी गिअर उतरवणार नाही, मायलेज जातं ना! घर ते बँक, बँक ते घर. नीट तापायच्या आत बंद.

१४ जाने., संक्रांत
नणंदेकडे जाताना गाडीने चौकातच मान टाकली. मागे हॉर्न. अ. मलाच म्हणाला, "बघ." तिळगूळ दिला, गोड काही बोलवलं नाही.

१७ जाने.
गॅरेजमध्ये सलीमभाईंनी कॅमेरा आत घालून दाखवलं. व्हॉल्व्हवर जळक्या कढईसारखा काळा थर. "जुन्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून जायचं, धुऊन निघायचे. हिच्यात थेट सिलिंडरमध्ये जातं. तेलाची वाफ बसती, कार्बन धरतो. त्यात गाडी रांगत चालवली तर लय लवकर. चालवतं कोण?"
अ. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हेच चालवतात."
बाहेर आल्यावर म्हणाला, "चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

२० जाने.
अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून व्हॉल्व्ह साफ केले. आमच्याकडे अक्रोड फक्त दिवाळीला येतात. गाडी आता गप्प चालते. मी विचारलं, इतकी वर्षं मला बोललास त्याचं काय? "झाली ना गाडी नीट? मग?" संपलं. इतका राग आला की जेवले नाही.

२३ जाने.
सलीमभाईंनी सांगितलंय, गाडी अधूनमधून हायवेला मोकळी पळवत जा. चहा पिता पिता अ. म्हणाला, "ते पिंपळगावचं सुरू कर. रोज लांब पळाली की इंजिनाला बरं." आणि चावी माझ्यापुढे सरकवली.
मी तोंडाने मागितली तेव्हा नाही. इंजिनाला हवं झालं तेव्हा लगेच.
नोकरी हवी आहे. पण आता हो म्हटलं तर जन्मभर सांगत फिरेल, गाडीसाठी पाठवतो हिला. पॅकहाउसला उद्या कळवायचंय. चावी अजून टेबलावरच आहे, कोणीच उचललेली नाही.