नातेवाइकाचं पत्र चालणार नाही

प्रिय लेव्ही,

मी हे कारखान्यात बसून लिहिते आहे, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी. मोजमापाची हत्यारं तपासायच्या खोलीचं तापमान स्थिर व्हायला सकाळी पाऊण तास लागतो आणि तोवर कुठल्याच हत्याराला हात लावायचा नसतो. आज बुधवार. सैन्यभरतीचे कागद द्यायची तुझी मुदत परवा, शुक्रवारी दुपारी चारला संपते. काल तू फोनवर म्हणालास, "शेल, कोर्टाचा तो एक कागद आला नाही ना, तर तुझा भाऊ जन्मभर दुसऱ्यांची टायरंच बदलत बसणार बघ." मी म्हटलं, येईल. "तू नुसतं 'येईल' म्हणालीस तरी सरकारी शिक्का मारल्यासारखं वाटतं गं!" मी हसले नाही. तुला वाटलं असेल, ही नेहमीचीच.

भरती कार्यालयात सार्जंट पर्किन्सबाईंनी तुला यादी दिली तेव्हा मी शेजारी होते. अटकेचं पुढे काय झालं त्याचा कोर्टाचा दाखला. शाळा सोडल्यावर बाहेरून दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र. चांगल्या वर्तणुकीची तीन पत्रं, आणि त्याखाली दोन रेघा मारून: नातेवाइकाचं पत्र चालणार नाही. गाडीत बसताना तू म्हणालास, "सुटलो बुवा! तुझं पत्र चाललं असतं तर तू माझ्या चुकांचा तक्ता जोडला असतास, तारखांसकट." जोडला असता. तर हे ते न चालणारं पत्र.

तक्त्यातली पहिली तारीख मला पाठ आहे. तुला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. अकरावीतून शाळा सोडून तू घरी लोळत होतास आणि त्या दिवशी होबार्ट स्परलॉकच्या शेडचं कुलूप तोडून त्याची शेतातली चारचाकी मोटरसायकल पळवलीस. ती ओढ्यात रुतली. दुसरा कुणी असता तर पळाला असता. तू चिखलानं माखलेला स्परलॉकच्याच दारात गेलास आणि ती ओढून काढायला साखळी मागितलीस. त्याच्या बायकोनं शेरिफला फोन केला, आणि शेरिफ येईपर्यंत तुला मक्याचा पाव खाऊ घातला. गाव अजून हसतं. त्या आठवड्यात माझी तंत्रशाळेची शेवटची परीक्षा होती. वकिलाचे कागद वाचायला बाबांना कुणीतरी हवं होतं, म्हणून मी दोन पेपर सोडून आले. ते पुढच्या सत्रात दिले. हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

आता त्याच स्परलॉकनं तुला पत्र दिलंय. तू ते मला वाचायला दिलंस, वर विचारलंस, "म्हातारा काय भारी लिहितो, नाही?" त्यानं लिहिलंय: "या मुलाने माझी गाडी चोरली आणि साखळी मागायला माझ्याच दारात आला. त्याला खोटं बोलता येत नाही. असा माणूस मी तरी सैन्यात पाठवीन." पाच वर्षं दर हिवाळ्याआधी मी त्याची लाकूडतोडीची करवत दुरुस्त करून देते. माझ्याविषयी त्यानं कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. मला त्याची गरज नव्हती, हे खरं आहे. पण ते पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझा राग आला.

सात आठवडे तू माझ्या स्वयंपाकघरात बसून अपूर्णांक शिकलास. शाळा सोडलेल्यांना सैन्याच्या चाचणीत पन्नास तरी हवेत, त्यांच्या जागाही मोजक्याच. पहिल्या दिवशी तू तीन अष्टमांश आणि पाच सोळांश यातलं मोठं कोणतं ते सांगू शकला नाहीस. मी पुस्तक मिटलं आणि इंचांचे अपूर्णांक कोरलेल्या तुझ्याच पान्यांची पेटी आणून ओतली. तू न बघता, नुसत्या बोटांनी, सगळे पाने लहान-मोठे लावून टाकलेस. "हे अपूर्णांक आहेत होय? मग तसं सांगायचं ना आधी!" तुला त्रेसष्ट मिळाले. बाबांनी नाश्त्याच्या हॉटेलात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "त्रेसष्ट! माझ्या पोराला!" मालकीणबाईंनी तुला अ‍ॅपल पायचा तुकडा फुकट दिला. याच चाचणीत माझे एक्याण्णव होते. ते बाबांनी फ्रिजवर आठवडाभर चिकटवले होते, मग तिथे गाडीच्या विम्याचा कागद आला.

माझ्या त्या दिवसाविषयी मी तुझ्याशी कधी बोलले नाही. मी अठराची होते, तू चौदाचा. मला हवाई दलात विमानांची यंत्रं सांभाळायची होती. बाबांची पाळी होती, म्हणून मी बसनं एकटी गेले. तपासणीच्या ठिकाणी एका बंद खोलीत कानांवर यंत्र लावून बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी हात वर करून तसं सांगितलंही. तो माणूस काचेपलीकडून म्हणाला, "यंत्र ठीक आहे, बाळा." लहानपणच्या कानाच्या दुखण्यानं माझा डावा कान किती गेला होता हे मला त्या दिवशी आकड्यात कळलं. सवलतीसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. तुझा, चोरीसाठीचा, कदाचित मंजूर होईल. चोरी माफ होऊ शकते, कान होत नाही. नियम म्हणून मला तो समजतो. तो बरोबरही असेल.

पर्किन्सबाईंना हे ठाऊक नव्हतं. तू फॉर्म भरत होतास तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "खरं तर आम्हाला तुमच्यासारखी माणसं हवी असतात." मी म्हटलं, त्याच्या स्पेलिंगकडे लक्ष ठेवा.

आणि बाबांची ती हिरवी सैनिकी पिशवी. तिच्यावर आपलं आडनाव आहे. मी बसनं निघाले त्या दिवशी ती मागितली होती. "माळ्यावर कुठे शोधू आता, तुझी बॅग आहे की चांगली," असं ते म्हणाले. मागच्या रविवारी मी घरी आले तर ती धुऊन ओसरीवर वाळत घातलेली. "लेव्हीला लागेल," बाबा माझ्या डाव्या बाजूनं म्हणाले, आणि मला ऐकू आलं नाही म्हणून वैतागून पुन्हा म्हणाले. मी सव्वीस वर्षांची झाले तरी त्यांना कान कोणता ते लक्षात राहिलेलं नाही. तू मात्र शाळेत जायला लागल्यापासून माझ्या उजव्या बाजूनं चालतोस. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटतो हे लिहिताना हीच गोष्ट मधे मधे येते, आणि हिशेब चुकतो.

आता कागदाविषयी. कोर्टाचा अर्ज मीच भरला होता आणि पत्ताही माझाच दिला होता, कारण बाबांच्या पत्रपेटीला बर्फ काढणाऱ्या गाडीनं जानेवारीतच आडवं केलंय. तू मला सहा वेळा विचारलंस, "आलं का?" आणि सहा वेळा मी 'नाही' म्हटलं. कोर्टातली बाई म्हणत होती की पाठवलाय, तू पोस्टमनला शिव्या देत होतास. पोस्टमनची चूक नाही. कागद एकोणीस दिवसांपूर्वी आला. तो माझ्या हत्यारांच्या कपाटात, सूक्ष्ममापकांच्या खालच्या खणात होता. मी रोज खण उघडत होते. शुक्रवार आपोआप निघून जाईल आणि मला काहीच करावं लागणार नाही, असं मी ठरवलं होतं. काल तू सहाव्यांदा विचारल्यावर म्हणालास, "नाही आलं तर नाही आलं, शेल. सात आठवडे तू बसलीस माझ्यासोबत, ते तर झालं ना." त्यावरही मी 'येईल' म्हटलं.

कागद या पत्राबरोबर आहे. नाव, तारीख, शिक्का मी तपासलाय, सगळं बरोबर आहे. माझी पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात टायरच्या दुकानापाशी येऊन तुझ्या ट्रकच्या पुढच्या सीटवर दोन्ही ठेवते. कुलूप तू लावत नाहीसच. कागद आजच नेऊन दे, शुक्रवारपर्यंत थांबू नकोस. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव, मी नाकारणार नाही. तू निघशील त्या दिवशी मी बसपाशी येईन. माझ्या डाव्या बाजूला उभा राहिलास तर मला कळेल, आणि मी काही विचारणार नाही.

तुझीच,
शेल्बी