बाराचा लेहरा

१ फेब्रु., रवि.
श्रवण मंडळाची बैठक. वर्षातून एक रविवार प्रत्येकाचा, तासभर आपली आवड ऐकवायची. २२ तारीख माझी. फॉर्मवर लिहिलं : बरोक.
अध्यक्ष देशमुख सर म्हणाले, "हे काय? तीनशे वर्षांपूर्वीचं गोऱ्यांचं? बाई, लोकांना झेपेल असं द्या. भावगीतं वगैरे."
अकरा वर्षं सगळ्यांची भावगीतं ऐकतेय. मला झेपतात का, कुणी विचारलं?

५ फेब्रु.
निवड सुरू. बरोकची पहिली कॅसेट ओझरला मिळाली. कारखान्यात मी ड्रॉइंग सेक्शनला होते, परदेशी इंजिनियर परत जाताना टेबलावर ठेवून गेला. कंपनीच्या बसमध्ये वॉकमनवर ऐकायची. शेजारच्या बायका स्वेटर विणायच्या.
सुरुवात दोन व्हायोलिनच्या कॉन्चेर्टोने, तीन भागांची रचना. एक बोलते, दुसरी तिच्या तोंडातलं वाक्य पळवते. भांडण नाही, लाड. मग एकटा चेलो, व्हायोलिनच्याच घरातला, खर्जाचा. शेवटी तो तुकडा, खाली चारच सूर, तेच तेच फिरणारे.
हे म्हणाले, "पुन्हा तेच दळण?"
हो. तेच.

११ फेब्रु.
सरांचा फोन. २२ला भक्तिगीतं ठरली. "तुमचं पुढच्या वर्षी बघू."
बघू म्हणजे नाही, हे साठीनंतर तरी कळतंच.
ग्रुपवर टाकलं : २२ला पाच वाजता माझ्या घरी, बरोक, चहा मिळेल. दहा मिनिटांत मेसेज गायब; ॲडमिन सरच. मग एकेकाला वेगळा पाठवला. चाळीस जणांना. अंगठा दुखतोय.

१७ फेब्रु.
उत्तरं : नमस्काराचे हात नऊ. "निफाडला लग्न आहे" दोन. बाकी शांतता.
भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू? कुणी आलं नाही तर खुर्च्यांना ऐकवीन. पण ऐकवीन.

२२ फेब्रु., रवि.
पाच जण आले! देवरे अण्णाही. ते क्लासमध्ये तबल्याच्या पोरांना पेटीवर लेहरा धरून देतात, एकच धून पुन्हा पुन्हा, चाळीस वर्षं. आल्या आल्या म्हणाले, "चहापुरता आलोय, ताई."
कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपला तर सगळे उठले, चपला शोधायला. म्हटलं, बसा, अजून दोन भाग आहेत. बसले बिचारे. चेलोला शिंदेबाई पेंगल्या.
मग शेवटचा. अण्णांची बोटं मांडीवर हलायला लागली. सोळा मोजले, हात समेवर टाकला, सम तिथे नव्हतीच. पुन्हा मोजले. पुन्हा चुकले. चिडले. "बेतालाय हो हा माणूस!"
"अण्णा, बाराचं आवर्तन आहे. तीन-तीनचे चार."
"थांबा. परत लावा."
परत लावलं. बारा मोजले. सम सापडली तसे ओरडले, थेट सटाण्याच्या बोलीत, "हाऊ ते लेहराच शे ना, ताई!" शिंदेबाई दचकून जाग्या झाल्या.
मग हळू म्हणाले, "वरचे सगळे खेळून घेतात. खालचा जागचा हलत नाही. आमच्याकडे टाळ्या तबल्याला. हा माणूस खालच्यालाच मान देतो."
तोच तुकडा चार वेळा लावला. चहा गार झाला. मला रडू आलं, सगळ्यांसमोर. येऊ दे.

२५ फेब्रु.
सरांचं पत्र, मंडळाच्या शिक्क्यासह. समांतर कार्यक्रम, शिस्तभंग. रविवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर सभासदत्व रद्द.
रात्रभर डोक्यात तेच. मंडळ सोडायचं नाहीये मला. रविवारी दुसरं आहे काय मला? मालिका, औषधं आणि ह्यांचं क्रिकेट.
हे म्हणाले, "लिहून टाक ना दोन ओळी, काय जातं?"
जातं. माझा तास जातो.

१ मार्च, रवि.
माफी लिहिली नाही. सरांना एकच ओळ पाठवली : माझा रविवार राहिला आहे, तो आज घेते.
अण्णा सकाळीच आले. "मंडळाच्या हॉलवर आधी मी पेटीवर लेहरा धरतो, मग तुमची ती गोरी मंडळी. लोकांना बोट धरून नेऊ. मला सूर लिहून द्या." घरात धड कागद सापडेना. सरांच्या पत्राची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर बारा मात्रा मांडून दिल्या : सा, कोमल नी, कोमल ध, प.
अण्णांनी उलटून शिक्का पाहिला. "मंडळातून माझंबी नाव काढतील का?"
"काढतील."
"काढू द्या."
पावणेपाच. रिक्षा खाली उभी आहे, पेटी आत गेली. हॉलची किल्ली सरांकडे. उघडतील, नाही उघडणार. पायऱ्यांना कुलूप नसतं.