किशिनामी माझं नाव घेतो

३ ऑक्टोबर, वॉटफर्ड
किशिनामी आमच्या इथल्या छोट्या क्लबकडून खेळायचा तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पावसात उभं राहून टाळ्या मी वाजवल्या. आता रिटायर होऊन जपानमधल्या अंगणात फुटबॉल पायावर उडवत बसतो, त्याचे व्हिडिओ टाकतो, तर लाखो लोक फिदा. सगळे कालचे. आजपासून रोज कॉमेंट टाकणार. खाली सही 'नाना, वॉटफर्ड'. पुरुषोत्तम म्हणून मला ओळखतं कोण? त्याने एकदा उत्तर द्यावं, बास.

८ ऑक्टोबर
उत्तर नाही. ब्राझीलच्या कुणाला तरी हार्ट दिलं. वरदा म्हणाली, अहो, त्याला इंग्लिश येत नसेल. मग इथे काय मराठीत खेळत होता? चिडलो. चहा गार झाला, तोही म्हणे माझ्यामुळे.

१२ ऑक्टोबर, सकाळी
नवा व्हिडिओ. बॉल उडवता उडवता तो स्वच्छ म्हणाला, "नाना." हसून! वरदालाही ऐकवलं. तिला मान्य करावं लागलं. पण आधी आणि नंतर काय बोलतो, हे खुसपट काढलंच. माझं कौतुक असणार, दुसरं काय.

१५ ऑक्टोबर
मंडळाचा सेक्रेटरी उदय, त्याला फोन. दिवाळीच्या कार्यक्रमात क्लिप स्क्रीनवर दाखवायची, मग माझं भाषण. म्हणाला, नाना, पाच मिनिटं देतो. पाच. नाट्यगीतांना अर्धा तास. असो. क्लिपमध्ये फक्त नाव ठेवलं, बाकी कापलं. लोकांना बोअर कशाला करा.

२५ ऑक्टोबर
क्लिप एवढीशी, म्हणजे फाइल बिघडली असणार, असं उदयने परस्पर ठरवलं आणि अख्खा व्हिडिओ लावला. किशिनामी बॉल मोजत होता. गो, रोकू, नाना. कराटे क्लासला जाणारी सगळी पोरं पुढचं एका सुरात म्हणाली, हाची, क्यू, ज्यू. उदयची अन्वी चक्क माइकपाशी आली. "नाना आजोबा, तो तुमचा नाव नाही बोलला. तो सेवन बोलला." हॉल हसून लोटपोट. मी भाषण तरीही केलं. ऐकलं कुणी नाही. 

२६ ऑक्टोबर
अकाउंट बंद. उद्या नक्की. आज पासवर्ड आठवत नाही.

२८ ऑक्टोबर
मोजणाऱ्या पोरांचा व्हिडिओ उदयने ऑनलाइन टाकला होता. त्यावर किशिनामीचं स्वतःचं उत्तर, तेही इंग्लिशमध्ये. पोरांचं कौतुक. शेवटी एक ओळ: स्टेजवरचे आजोबा का रडतायत?

मी रडत नव्हतो. लाइट डोळ्यांवर येत होते. तसं टाइप केलं. खोडलं. वरदाने विचारलं, आलं का हो त्याचं उत्तर? आलं म्हणालो. दाखवा म्हणाली. फोनचं चार्जिंग संपलंय म्हणालो.