टेरी मॅडक्सचं कोपर

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

टेरीवरचं प्रकरण आज संपवलं. सकाळी सहाला बसलो तो अकरापर्यंत उठलो नाही. एकाच सीझनमध्ये त्याने तिघांना स्ट्रेचरवर पाठवलं — एकाच्या बरगड्या, एकाचा खांदा, एकाचा जबडा. नावं, तारखा, स्कोअर, सगळं दिलंय. लिहितानाच अंगात रक्त उसळत होतं.

"कोण वाचणार हे?" स्मिता दर वेळी विचारते. इंग्लंडमधल्या एका बंद पडलेल्या बास्केटबॉल टीमचा इतिहास, तोही सिंगापुरात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये बसून एका पुणेकराने लिहिलेला. बायको आहे, विचारणारच. पण साइटवर तीनशे-साडेतीनशे माणसं येतात. 'ब्रॅकनफर्ड फोर्ज' हे नाव आठवणारी जगात बहुधा तेवढीच उरली असतील.

मला ते का आठवतं, हे साइटवर लिहिलेलं नाही. इथे लिहितो. २००५ साली एम.एस्सी.ला त्या गावात गेलो. पहिले सहा आठवडे कॉलेजबाहेर माझ्याशी कुणी बोललं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. दोनदा मागून काहीतरी फेकून मारलं — एकदा अंडं, एकदा टॉर्चचा सेल. सेल कानामागे लागला, रक्त आलं. मग एका शनिवारी पोहण्याच्या तलावामागच्या हॉलमध्ये शिरलो. आत ऊब होती म्हणून. टेरी मॅडक्सने समोरच्या सेंटरला कोपर हाणलं, तो सहा फूट आठ इंचांचा माणूस आडवा झाला, आणि माझ्या शेजारच्या रॉन नावाच्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकून मला गदागदा हलवलं. "आपला आहे तो," म्हणाला.

आपला. पुढची तीन वर्षं मी घरची एकही मॅच चुकवली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

क्वीन्सटाउनच्या ऑफिसातून लवकर निघालो. जाईबरोबर ब्लॉकशेजारच्या कोर्टवर तासभर.

पोरगी पंधरा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये आहे, हात चांगला आहे. पण अंगाने काडी. बास्केटखाली सगळ्या तिला ढकलतात आणि ती बाजूला होते. मला बघवत नाही. आज तिला टेरीचं कोपर शिकवलं. उडी मारायची, हवेतच वळायचं, कोपर खांद्याच्या रेषेत. रेफरीची नजर बॉलवर असते. माणूस मात्र आधी हेरून ठेवायचा.

"बाबा, दॅट्स अ फाउल लाह."

"दिसला तर."

हसली. पाचव्या खेपेला माझ्या छातीत असं बसलं की मी मटकन खाली बसलो. दोन मिनिटं श्वास येईना. ती घाबरली. मी मात्र खूश.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटच्या मॅचचं प्रकरण. आज जमलं एकदाचं.

मार्च २००८. समोर लँगरिज. त्यांचा गार्ड लुईस कार — एकोणीस वर्षांचा, लालसर केसांचा. हाफटाइमपर्यंत त्याने एकट्याने चोवीस पॉइंट केले होते. आमचा हॉल गप्प. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो रीबाउंडला, रिंगवरून उडालेल्या बॉलसाठी, वर गेला, टेरी वर गेला, टेरी वळला. आवाज आला तो वरच्या रांगेपर्यंत. नारळ फुटावा तसा. मग डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला, तो दुसरा आवाज.

मग त्यांचा एक खेळाडू टेरीच्या अंगावर धावला, आमचे बेंचवरचे त्याच्यावर, आणि प्रेक्षक खाली उतरले. खुर्च्या उडाल्या. रॉन ढोल वाजवायचा, त्याच काठीने त्याने एका माणसाचं तोंड फोडलं. कुणाचा तरी दात माझ्या बुटाखाली आला. एक बाई किंचाळत जिन्यावरून गडगडली. लुईस कार मध्येच पडलेला, आणि लोक त्याच्यावरून उड्या मारत एकमेकांना मारत होते. पोलीस कुत्री घेऊन आले तेव्हा कुठे थांबलं.

त्या उन्हाळ्यात टीम बंद झाली. स्पॉन्सर गेला, हॉल मिळेना, लीगने लायसन्स काढून घेतलं.

प्रकरणाला नाव दिलं — 'अपघात'. मी तसंच मांडलंय. दोन माणसं एका बॉलसाठी उडाली, एक वाईट पडला, आणि एका अपघातापायी एका गावाची टीम गेली.

जे साइटवर टाकलं नाही ते इथे. खुर्ची मीही उचलली होती. एका पाठीवर घातली. चेहरा पाहिला नाही. मोडली ती खुर्ची होती की आणखी काही, माहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टेरी मॅडक्सचा मेल आला आहे.

आधी वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. पण त्याने बॉयलर रूममधल्या जिमबद्दल लिहिलंय. ती बाहेरच्या कुणाला माहीत नव्हती. आता बावन्न वर्षांचा आहे. बहिणीकडे राहतो, दोन्ही गुडघे गेलेत. सगळं वाचलं म्हणतो. एवढं कुणी आठवणीत ठेवलं याचं नवल वाटलं म्हणतो. आणि मग —

'शेवटचं प्रकरण बदल. तो अपघात नव्हता. हाफटाइमला कोच म्हणाला, हा पोरगा मॅच संपेपर्यंत उभा राहता कामा नये. कुठे मारायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. चेहरा मी निवडला. लुईसला डाव्या कानाने ऐकू येत नाही. चालताना तोल जातो. मी वर्षातून एकदा त्याला भेटतो. तो मला आत घेतो, चहा देतो. तू लिहिलेलं त्याने वाचलं. त्याने मला काही म्हटलं नाही, म्हणून मी तुला म्हणतोय.'

तीनदा वाचला. जेवलो नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बदलणार नाही. सतरा वर्षांनी एक खचलेला माणूस काहीही लिहील. मी तिथे होतो. मी पाहिलंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजच लिहून टाकतो.

जाईची मॅच होती, ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेऊन गेलो. समोरच्या शाळेची एक शी मिन नावाची मुलगी बास्केटखाली नुसती भिंत. पहिल्या क्वार्टरमध्ये जाईला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा जाईचा गुडघा सोलला. मी ओरडत होतो. मराठीतच ओरडत होतो, "सोडू नकोस, जाई, सोडू नकोस!" आजूबाजूला कुणाला कळत नव्हतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये झालं. जाई उडाली, वळली. कोपर डोळ्याखाली बसलं. मुलगी गुडघ्यांवर आली आणि मग पुढे, हात न टेकता, सरळ तोंडावर. लाकडी फरशीवर रक्त, आणि ते थांबेना. जाई तिथेच उभी, कोपर अजून वर. कुणीतरी तिचा हात धरून खाली केला.

मी उभा राहिलो. मग खाली धावलो.

गालाचं हाड मोडलंय. डोळ्याच्या खोबणीलाही तडा आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

स्मिता म्हणाली, भेटून ये, माणूस म्हणून तरी जा. फळं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. लिफ्टसमोर शी मिनचे वडील भेटले, मिस्टर कोह. टॅक्सी चालवतात. माझ्याच वयाचे, बुटके, हात मात्र लोखंडी. मी "सॉरी" म्हणायच्या आतच माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. एक ठोसा तोंडावर, एक पोटात. संत्री सगळीकडे घरंगळली.

"यू," म्हणत होते. "यू. यू." एवढंच. नर्सने मध्ये पडून सोडवलं.

ओठ फाटला, एक दात हलतोय. पोलिसात जाणार नाही. पण एक कळलं नाही. मारलं तर जाईने. मग त्या माणसाच्या डोळ्यांत माझ्याबद्दलच एवढं विष कशाला?

१ मार्च, शनिवार

शाळेचं पत्र आलं. चौकशी बारा तारखेला. दोन्हीकडचे पालक, दोन्ही कोच, प्रिन्सिपल. जाईला टीममधूनच काय, शाळेतूनही काढू शकतात.

जाईला समोर बसवून पढवलं. बॉलवर नजर होती. ती शेजारी आहे हे दिसलं नाही. अपघात. तिने दोनदा माझ्यामागून म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेना.

"म्हण."

"यू वाँट मी टू से इट लाइक युअर वेबसाइट?"

म्हणजे वाचते ती.

२ मार्च, रविवार

शी मिनचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही म्हणाले.

८ मार्च, शनिवार

घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. स्मितानेच आम्हा दोघांना बाहेर काढलं — जा, कुठेतरी जा. पुलाउ उबीन बेटावर गेलो. बोटीत दोघं दोन टोकांना. सायकली घेतल्या, तासभर मुकाट चालवल्या. जुन्या घरांपाशी शहाळी प्यायला थांबलो तेव्हा ती आपणहून बोलली.

"बाबा, ती रीबाउंडला नव्हतीच. ती मागे वळली होती. मी तिला शोधलं."

"तिने तुला दोनदा पाडलं होतं."

"म्हणून नाही. यू वेअर शाउटिंग. मला वाटलं, हे केलं की तू थांबशील."

मी शहाळ्यातली मलई खरवडू लागलो.

"आणि ती पडल्यावर मी वर बघितलं. तुझ्याकडे."

"ऊन वाढलंय," मी म्हणालो. "निघू या."

ती सायकलवर बसली.

१० मार्च, सोमवार

आज जाईला मारलं.

ती म्हणाली, बुधवारी मी खरं सांगणार. मी समजावलं. शाळा जाईल, माझा इथे राहायचा पास या नोकरीवर, आपलं इथलं सगळं त्याच्यावर, उद्या कुणी केस केली तर काय — सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आय हिट हर ऑन पर्पज. इट्स नॉट सो हार्ड टू से." आणि माझा हात गेला. कानाखाली. ती कपाटावर आदळली. भुवईपाशी कापलं, रक्त गालावर आलं. तिने पुसलंही नाही.

स्मिता मध्ये आली. ओरडली नाही. "आणखी एकदा हात उचललास, शैलेंद्र, तर मी तिला घेऊन पुण्याला जाईन. आणि तू येऊ नकोस." कापूस, डेटॉल, मग दार बंद.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा. पहिल्यांदा हे खरं आहे. पण हात गेला तेव्हा त्याला सवय असल्यासारखा गेला.

११ मार्च, मंगळवार

शेवटचं प्रकरण साइटवरून काढलं. नवीन लिहिलं. कोच काय म्हणाला, टेरीने काय निवडलं, लुईस कारचा कान, तोल. खुर्चीचंही लिहिलं. ती पाठ कुणाची होती हे कुणाला माहीत असेल तर मला कळवावं, असंही.

वाचकांपैकी पाच जणांनी शिव्या दिल्या. टेरीचं एका ओळीचं उत्तर आलं. 'आता ठीक आहे. लुईसला वाचून दाखवेन.'

वाटलं, सुटलो. आता उद्या जाई काय बोलायचं ते बोलेल, मी तिच्या शेजारी बसेन. जे लपवलं होतं ते सगळं तर लिहून झालं.

१२ मार्च, बुधवार

जाईने सगळं सांगितलं. मुद्दाम मारलं, शोधून मारलं. प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? जाई म्हणाली, "नोबडी. आय सॉ इट ऑनलाइन." माझ्याकडे बघितलं नाही.

मग मिस्टर कोह बोलले. अडखळत, शब्द शोधत. या मुलीला शाळेतून काढू नका म्हणाले. ती पोर आहे. त्या दिवशी, म्हणाले, मी या माणसाच्या मागच्याच रांगेत बसलो होतो. माझी मुलगी पडली, सगळा हॉल गप्प झाला, आणि हा माणूस उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

सव्वीस तारखेला मी इथे लिहिलंय — 'मी उभा राहिलो.' त्याच्यापुढे लिहिलं नाही.

प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, हे खरं आहे का? आता जाई बघत होती. भुवईवर पट्टी. मी हो म्हणालो.