दोन बोटांचा ब्रेक

९ मार्च, दुपार

ती. वहिनी,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरा उद्योगच नाही. तुम्ही दोघी तिकडे राहायला गेलात तेव्हापासून तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या गॅरेजपुढे आणून ठेवल्यात, रोज पाणी घालतो. गुलाबाला तीन कळ्या आहेत. चौथी शिंप्याच्या मांजराने पाडली. लेथवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्याला सगळं लख्ख दिसतं, म्हणून दिवसभर माझ्या कामात चुका काढत बसतो. आधी होता तोच बरा होता.

तू लिहिलंस, गाडी विकून टाक, ती आता डोळ्यांसमोर नको. आपल्या ठमीने दादाचा फोटो कपाटात पालथा घालून ठेवलाय, असंही लिहिलंस. म्हणते, "बाबांना आपली पर्वा असती तर या वयात गाडी पळवली नसती." आणि शेवटी लिहिलंस, "धाकट्या, आता तिला बापाच्या जागी तूच."

वहिनी, ती ओळ वाचली आणि पत्र पान्यांच्या खणात टाकलं. आठ दिवस तो खण उघडला नाही. दहाचा पाना लागला की लेथवाल्याकडून मागून आणतो. तो म्हणतो, "तुझे पाने काय चोरीला गेले काय रे?" फोनवर हे बोलायला मला तोंड नाही. म्हणून लिहितोय.

आधी गाडीचं सांगतो.

बाबांच्या त्या गाडीचा पुढचा ब्रेक म्हणजे ब्रेक नव्हताच, अर्ज होता. दाबायचा आणि मंजुरीची वाट बघायची. बाबा गेल्यापासून तीस वर्षं दादा तो चारही बोटांनी, दात-ओठ खाऊन आवळायचा, तेव्हा कुठे गाडी थांबायची. पुढचे शॉकअप तर सतत गळायचे. मी कितीदा म्हटलं, पुढचं सगळं बदलू या. तो म्हणायचा, बाबांची आहे, हात लावायचा नाही.

गेल्या मे महिन्यात ठमीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी तुम्ही तिघं आठ दिवस गेलात. गाडी ऑइल बदलायला माझ्याकडे ठेवली होती. त्याच वेळी एक नव्या मॉडेलची गाडी भंगारात आली. मागून ठोकर बसलेली, पण पुढचं अंग शाबूत. माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, दादाला चकित करू.

दुसऱ्या गाडीचं पुढचं अंग असं सहजासहजी बसत नाही. हँडल ज्या दांड्यावर फिरतं, तो नव्या गाडीचा आखूड निघाला. मग बाबांच्या गाडीचा दांडा प्रेसवर दाबून काढला आणि लेथवाल्याकडून नव्या अंगात बसवून घेतला. हँडल पूर्ण वळवलं की पेट्रोलच्या टाकीला आपटायचं, म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडाचे तुकडे वेल्ड केले. चाक मध्यावर येईना, त्यासाठी तीनदा सगळं खोललं. आठ दिवस जेवणाचं भान नव्हतं मला. आणि पुढे डिस्क ब्रेक! बोट टेकलं की गाडी जागच्या जागी.

दादा आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मी आपला शाबासकीची वाट बघत उभा, दात काढून.

तो म्हणाला, "अरे, बाबांच्या गाडीला हे कुणाचं तोंड लावलंस?"

मी म्हटलं, "गाडी चालवायला असते, कपाटात ठेवायला नाही."

"विचारायचं तरी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस मर मर मेलो आणि हे ऐकायचं? मी चावी खिळ्याला अडकवली, पाठ फिरवली आणि कार्ब्युरेटर धुवायला बसलो. तो सकाळीच धुतलेला होता. मागे गाडी सुरू झाली, गेली. मी वळून पाहिलं नाही.

इथे लिहिणं थांबवून चहा करून आलो. तो समोर गार होतोय.

वहिनी, कुणाची जुनी गाडी जुन्या ड्रम ब्रेकवरून डिस्कवर आणली, की मी ती नुसती हातात देत नाही. गिऱ्हाईक अनोळखी असलं तरी मी मागे बसतो, पाण्याच्या टाकीला दोन फेऱ्या मारायला लावतो आणि कानाशी ओरडत राहतो, "दोन बोटं! फक्त दोन बोटं! सवयीने चारांनी आवळलास तर चाक जाम होईल आणि तू तोंडावर पडशील." दूधवाल्याला सांगितलं. पोस्टमनला सांगितलं. लेथवाल्याच्या मेव्हण्याला तर शिव्या घालून सांगितलं.

दादाला नाही सांगितलं. मी रुसलो होतो ना!

संध्याकाळी आठवण झाली. फोन हातात घेतला. मग म्हटलं, आधी त्याला करू दे, माझं काय अडलंय. आणि ठेवून दिला.

सकाळी शाळेच्या वळणावर उभ्या टेम्पोच्या मागून त्या छत्रीवाल्या बाई अचानक पुढे आल्या. दादाने तीस वर्षं जे केलं, तेच केलं. चारही बोटांनी आवळला.

लोक म्हणाले, एवढा आपटला म्हणजे जोरात असणार. तूही रडत रडत तेच म्हणालीस, आणि माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. दहा महिने मी मान हलवतोय.

पण रस्त्यावरून गाडी उचलून आणली ती मी. ती दुसऱ्या गिअरमध्ये होती. दुसऱ्या गिअरमध्ये कुणी गाडी पळवत नाही, वहिनी. पुढच्या चाकाची काळी रेघ माझ्या दोन पावलांएवढीसुद्धा नव्हती. हेल्मेट डोक्यात होतं, पट्टा लावलेला होता. तो नेहमीसारखा हळू, जपून चालला होता. त्याला तुमची पर्वा होती. पर्वा नव्हती ती मला, एका संध्याकाळपुरती. तेवढी पुरली.

गाडी मी विकली नाही. तिचं जुनं पुढचं अंग गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. रविवारी बाबांचा दांडा पुन्हा त्यात दाबून तेच परत बसवलं. गळके शॉकअप, ड्रम, सगळं. मग टाकीला फेरी मारायला निघालो. चारही बोटांनी ब्रेक आवळला आणि थांबायची वाट बघत राहिलो. टाकीपाशी गाडी थांबली आणि मी तिथेच हँडलवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडलो. शिंपी बघत होता. बघेना का.

हे पत्र ठमीच्या हातात दे. तू सांगू नकोस, तिला स्वतः वाचू दे. बापाचा फोटो सुलटा कर म्हणावं. माझा कुठे असेल तर तो खुशाल पालथा घालू दे. आणि मला त्याच्या जागी बसवू नकोस गं. ती जागा कुणी रिकामी केली, ते आता तुला कळलं.

मी नऊ वर्षांचा असताना तू या घरात आलीस. तेव्हापासून तुला न सांगता मी काही केलं नव्हतं, हे एवढंच. उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. कुंड्यांची काळजी करू नकोस, पाणी घालतोय.

सख्ख्या भावाला "दोन बोटं" एवढे दोन शब्द न सांगितलेला,
आणि तू अजून म्हणत असशील तर तुझा,

धाकटा